शुद्धिपत्र

जुन्या मराठी पुस्तकांच्या आरंभीं किंवा शेवटीं एक लहानसें पान असे. वर “शुद्धिपत्र” असा मथळा, आणि खालीं चार रकाने : पृष्ठ, ओळ, अशुद्ध, शुद्ध. हल्लींच्या पुस्तकांतून हें पान बहुतेक नाहींसें झालें आहे. ग्रंथालयांतील एखादें जुनें पुस्तक मुलांच्या हातीं पडलें म्हणजे त्या पानावर बोट ठेवून तीं हंसतात. इतक्या चुका केल्या त्या केल्या, आणि वर त्या वेगळ्या छापून लोकांस दाखविल्या, ह्याचें त्यांस नवल वाटतें. आमच्या मतें तें पान साऱ्या पुस्तकांत अधिक प्रामाणिक होय. चुका नव्या पुस्तकांतही असतात. फक्त त्यांची यादी नसते.

ह्या पानाची आठवण होण्याचें कारण निराळेंच आहे. येथून शिकून गेलेले कितीएक विद्यार्थी आज पुण्यास, मुंबईस, बंगळुरास व परदेशांतही संगणकाच्या आज्ञावली, म्हणजे ज्यांस आपण प्रोग्रॅम म्हणतों त्या, लिहिण्याच्या धंद्यांत आहेत. वरच्या वर्गांतील मुलांस, मोठेपणीं कोण होणार, असें विचारिलें तर पुष्कळांचें उत्तर “सॉफ्टवेअर” ह्या एका शब्दांत येतें, व तें ऐकून पालकांसही समाधान वाटतें. परंतु ह्या धंद्यांतील मनुष्याचा दिवस कसा जातो, हें फारच थोड्या घरांत ठाऊक असतें. समजूत अशी कीं, हुशार मनुष्य यंत्रापुढें बसतो आणि भराभर आज्ञा लिहून मोकळा होतो. वास्तविक त्याच्या दिवसाचा बराच भाग स्वतःच्या व दुसऱ्यांच्या चुका शोधण्यांत जातो. ज्यास चूक दिसली कीं लाज वाटते, त्यास ह्या धंद्यांत रोज लाजत बसावें लागेल.

चुका इतक्या कां होतात? घरांतील मुलास “कोपऱ्यावरच्या दुकानांतून साखर आण” म्हणून सांगितलें, आणि तें दुकान बंद असलें, तर मुलगा आपण होऊन पुढच्या दुकानांत जातो. यंत्र जात नाहीं. तें बंद दाराशीं उभें राहील. किंवा रिकाम्या हातानें परत येऊन काम झालें असें कळवील. दुकान बंद असेल, साखर संपली असेल, पैसे कमी पडतील, दुकानदार दोन पिशव्या पुढें करील, अशा प्रत्येक प्रसंगीं काय करावयाचें हें अगोदर सांगून ठेवावें लागतें, आणि सर्व प्रसंग अगोदर सुचणारा मनुष्य अद्यापि जन्मास आलेला नाहीं.

अशा चुकीस ह्या धंद्यांत “बग” म्हणजे किडा म्हणतात. त्याची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. १९४७ सालच्या सप्टेंबर महिन्याच्या ९ व्या तारखेस, दुपारीं पावणेचार वाजतां, अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठांत “मार्क दोन” नांवाच्या संगणकाच्या एका विजेच्या खटक्यांत खरोखरीचा पतंग अडकलेला सांपडला. तेथील मंडळींनीं तो काढून रोजच्या नोंदवहींत चिकटपट्टीनें चिकटविला व खालीं विनोदानें नोंद केली. पतंगासह ती वही आज स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहांत आहे. “बग” हा शब्द त्या दिवशीं जन्मला असें पुष्कळ ठिकाणीं सांगतात, तें मात्र खरें नव्हे. यंत्रांतील दोष ह्या अर्थानें तो एडिसनच्या १८७८ सालच्या एका पत्रांत आलेला आहे. आम्हांस ह्या गोष्टींत पतंगापेक्षां वहीचें महत्त्व अधिक वाटतें. तास व मिनिटें घालून दोष टिपून ठेवण्याची वही तेथें अगोदरच होती, म्हणून पतंगास राहावयास जागा मिळाली.

आतां ज्या गृहस्थांनीं अशी वही ठेवण्याची कमाल केली, त्यांच्याकडे वळूं. डोनल्ड कनूथ हे १९३८ सालीं अमेरिकेंत मिल्वॉकी शहरीं जन्मले. त्यांचे वडील तेथील ल्यूथरन पंथाच्या हायस्कुलांत शिक्षक असून घरीं लहानसा छपाईचा उद्योग करीत. म्हणजे मिशन शाळा आणि छापखाना ह्या दोहोंचें बाळकडू त्यांस घरींच मिळालें. पुढें ते स्टॅनफर्ड विद्यापीठांत प्राध्यापक झाले. आज्ञावली लिहिण्याच्या विद्येवर त्यांनीं जो बहुखंडी ग्रंथ लिहावयास घेतला, त्याचा पहिला खंड १९६८ सालीं निघाला, आणि १९७४ सालीं त्यांस ट्युरिंग पारितोषिक मिळालें. संगणकशास्त्रांत ह्याहून मोठा मान नाहीं. (जातां जातां सांगतों : ह्याच गृहस्थांनीं पवित्र शास्त्रांतील प्रत्येक पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायाचें सोळावें वचन घेऊन त्यांवर एक ग्रंथ १९९१ सालीं प्रसिद्ध केला. आमच्या वाचकांपैकीं ज्यांस गणित नकोसें वाटतें त्यांनीं तरी तो पाहावा.)

त्यांच्या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाची पहिली आवृत्ति शिशाच्या खिळ्यांनीं जुळविली होती. दुसऱ्या आवृत्तीचीं मुद्रितें १९७७ सालीं हातीं आलीं तीं नव्या, प्रकाशचित्रणाच्या रीतीनें केलेलीं होतीं, आणि तीं पाहून कनूथ ह्यांचें मन विटलें. अक्षरें बेढब, गणिताचीं सूत्रें विस्कळित. तेव्हां पुस्तकें जुळविणारी आज्ञावली आपणच लिहावी असें त्यांनीं ठरविलें. तिचें नांव “टेख”. एका वर्षाच्या रजेंत काम उरकेल असा त्यांचा अदमास होता. तें हातावेगळें होण्यास सुमारें दहा वर्षें लागलीं. आजही जगांतील गणिताचे व पदार्थविज्ञानाचे बहुतेक लेख टेखनें, किंवा तिच्यावर रचलेल्या साधनांनीं, जुळविले जातात.

पण आमचा विषय टेख नसून तिच्या चुका हा आहे. १९७८ सालीं आज्ञावली तपासावयास घेतली तेव्हांपासून कनूथ ह्यांनीं तींत सांपडलेला प्रत्येक दोष क्रमवार लिहून ठेविला. दहा वर्षांत ही यादी आठशेंच्या वर गेली. एवढ्यावर न थांबतां त्यांनीं प्रत्येक दोषाची जात ठरविली. अशा पंधरा जाती झाल्या, व प्रत्येकीस एक अक्षर दिलें. कांहीं दोषांत मूळ रीतच चुकलेली होती. कांहींत एखादें काम करावयाचेंच राहून गेलें होतें. कांहींत दोन भाग वेगवेगळे बरोबर असून त्यांचा एकमेकांशीं मेळ बसत नव्हता. कांहीं निव्वळ हस्तदोष. कांहीं असे कीं जो प्रसंग स्वप्नांतही आला नसता तो प्रत्यक्ष घडला. आणि एक जात अशी होती, जिच्यांत आज्ञावलीचें काम चुकत नव्हतें, परंतु तिचें वापरणाऱ्याशीं बोलणें सुधारावयास हवें होतें. ही शेवटची जात आमच्या वाचकांनीं लक्षांत ठेवावी. तिच्याकडे पुन्हा यावयाचें आहे.

ही सारी यादी, एकही नोंद न लपवितां, कनूथ ह्यांनीं १९८९ सालीं एका शास्त्रीय मासिकांत छापविली. संपूर्ण आज्ञावली तर त्यापूर्वींच, १९८६ सालीं, ग्रंथरूपानें कोणासही वाचावयास खुली केली होती. ट्युरिंग पारितोषिक मिळून पंधरा वर्षें लोटल्यावर एका प्राध्यापकानें आपल्या आठशेंहून अधिक चुका जगापुढें मांडल्या, आणि त्यामुळें त्यांचा मान रेसभरही कमी झाला नाहीं. उलट, मोठी आज्ञावली कशी बिघडते व कशी सुधारते हें शिकावयाचें झाल्यास आजही तो लेख वाचतात. यशाची यादी कोणीही छापतो, आणि तिच्यापासून दुसऱ्यास शिकण्यासारखें फारसें नसतें.

दुसऱ्यांनीं चूक दाखवावी म्हणून त्यांनीं बक्षीसही ठेविलें. ग्रंथांतील चुकीस २ डॉलर ५६ सेंट. हा आंकडा विचित्र दिसतो. पण सोळाच्या पायावर मोजलें असतां १०० म्हणजे आपले २५६ होतात, आणि संगणकाच्या लोकांस सोळाचा पाया आवडतो. टेखमधील चुकीचें बक्षीस तितक्यावरच आरंभून दर वर्षीं दुप्पट होत होत ३२७ डॉलर ६८ सेंटांवर थांबलें. तें किती वेळां दुप्पट झालें हें आठवीच्या मुलांनीं काढून पाहावें. मौज अशी कीं, पुष्कळांनीं हे धनादेश बँकेंत न नेतां चौकटींत बसवून भिंतीवर लाविले. पुढें धनादेशांच्या चित्रांवरून बँकेच्या खात्यांत लबाडी होऊं लागल्यामुळें २००८ सालापासून कनूथ एका काल्पनिक देशाच्या काल्पनिक बँकेचें प्रमाणपत्र देतात, आणि लोक तेंही भिंतीवर लावितात.

आतां त्या शेवटच्या जातीकडे येऊं. आपल्यांत एक म्हण आहे : नाचतां येईना, अंगण वांकडें. काम न जमणाऱ्यानें साधनास दोष दिला कीं आपण ही म्हण त्याच्या तोंडावर फेंकतों, आणि बहुतेक वेळां ती योग्यच असते. परंतु केव्हां केव्हां अंगण खरोखरीच वांकडें असतें, हें आपण विसरतों. आज्ञावली लिहिणाऱ्याचें अंगण म्हणजे त्याचीं साधनें : ज्या भाषेंत तो लिहितो ती भाषा, चूक झाल्यावर यंत्र जें सांगतें तो संदेश, शिकण्यासाठीं दिलेली माहिती. हीं साधनेंही माणसांनींच केलेलीं असतात. तीं सुधारतां येतात. ह्या सुधारणेस त्या धंद्यांत “डेव्हलपर एक्सपिरियन्स” असें लांबलचक नांव पडलें आहे. आम्ही त्यास अंगण सरळ करणें असें म्हणूं.

एक उदाहरण घेऊं. शाळांतून हल्लीं “पायथन” ही भाषा शिकवितात. गीदो व्हान रोसुम ह्या डच गृहस्थांनीं ती रचून १९९१ सालीं प्रथम प्रसिद्ध केली. समजा, एका विद्यार्थिनीनें पहिल्या ओळींत महिरपी कंस उघडून वर्गांतील मुलांचे गुण लिहिले, आणि कंस मिटावयास ती विसरली. पुढच्या ओळींत तिनें एक अगदीं बरोबर आज्ञा लिहिली. यंत्र थांबलें. जुन्या पायथनमध्यें संदेश येई तो एवढाच, कीं रचना अयोग्य आहे. आणि बोट दाखविलें जाई तें दुसऱ्या, निर्दोष ओळीकडे! बिचारी ती दुसरी ओळ दहा वेळां पुसते व दहा वेळां लिहिते. चूक तिची खरी. पण अर्धा तास गेला तो वांकड्या अंगणामुळें.

यंत्र असें कां करी, हेंही समजून घेतलें पाहिजे. कंस उघडा असेपर्यंत ओळ संपली तरी वाक्य संपलें असें तें मानीत नाहीं. पूर्णविराम नसलेलें वाक्य आपण पुढें वाचीत जातों, तसें तें वाचीत जातें. जेथें एखादा शब्द मुळींच बसेना तेथें तें अडखळतें, आणि जेथें अडखळलें तीच जागा दाखवितें. ठेंच लागली तें ठिकाण आणि धोंडा ज्यानें ठेविला तें ठिकाण हीं एक नसतात. खरी जागा दाखवावयाची तर कोणता कंस कोठें उघडला हें ध्यानांत ठेवून, अडखळल्यावर मागें पाहिलें पाहिजे. २०२० सालीं पायथनचा वाक्यरचना वाचणारा भाग नव्यानें घडविला गेला, आणि २०२१ सालच्या ३.१० ह्या आवृत्तींत संदेश बदलला : पहिल्या ओळींतील महिरपी कंस मिटलेला नाहीं, असें तो आतां सरळ सांगतो. एखादें नांव लिहितांना अक्षर चुकलें तर, तुम्हांस अमुक नांव म्हणावयाचें होतें काय, असेंही विचारतो. चांगला शिक्षक ह्याहून निराळें काय करतो? टेखनेंही फार पूर्वीं ह्या दिशेनें पाऊल टाकलें होतें. तेथें अडखळलेली ओळ अडखळल्या जागीं तोडून दाखविली जाते, आणि एक अक्षर दाबलें कीं अधिक खुलासा मिळतो. नवशिक्यास टेखचे संदेश अजूनही दुर्बोध वाटतात हें खरें. पण विचारण्याची सोय तरी त्यांत आहे.

येथें एक प्रश्न उभा राहतो. अंगण कोठें वांकडें आहे हें कळावें कसें? जुन्या, कसलेल्या माणसास तें कळत नाहीं. त्याच्या पायांस खाचखळगे पाठ झालेले असतात. तो न पाहतां त्यांवरून उडी मारतो, आणि वाट सपाट आहे असें शपथेवर सांगतो. तें कळतें नवख्यास, कारण तो पडतो. पण नवखा पडला कीं इकडे तिकडे पाहून कपडे झटकतो व कांहीं झालेंच नाहीं असें दाखवितो. संगणकाच्या वर्गांत हें रोज पाहावयास मिळतें. पडद्यावर तांबडीं अक्षरें उमटतांच, शिक्षक येण्यापूर्वीं, मुलगा तें सारें पुसून टाकतो. आणि त्याबरोबर त्याचें कारण सांगणारा एकुलता एक साक्षीदारही नाहींसा होतो. ज्यास वाट दुरुस्त करतां येते त्यास खड्डा दिसत नाहीं, आणि ज्यास दिसतो तो सांगत नाहीं. नवख्यानें आपलें पडणें उघडपणें लिहून ठेविलें तरच ह्या दोघांची गांठ पडते. त्यांत त्याचें स्वतःचें शिक्षण तर होतेंच, पण मागून येणाऱ्यांची वाटही त्यामुळें सुधारते.

मुलें चुका कां लपवितात, ह्याचें उत्तर पालकांस व आम्हां शिक्षकांस मिळून द्यावें लागेल. चूक आणि पातक ह्यांत भेद आहे. पातक जाणूनबुजून घडतें. कंस मिटावयाचा राहणें हें पातक नव्हे. परंतु घरीं गुणपत्रिका उघडल्यावर, किंवा वर्गांत वही उघडल्यावर, जो स्वर लागतो तो बहुधा दोहोंस एकच असतो. मुलें चतुर असतात. चूक केल्याबद्दल बोलणीं बसत नसून ती दिसल्याबद्दल बसतात, हें त्यांस लौकर उमगतें. आणि मग तीं चूक न करण्याऐवजीं ती न दिसूं देण्यास शिकतात. सारी विद्या नासण्यास एवढें पुरे आहे. एखाद्या मुलानें पंधरा खोडाखोडींचें पण कारणांसह लिहिलेलें पान दाखविलें, तर स्वच्छ वहीवाल्यापेक्षां त्यास अधिक शाबासकी मिळावी, असें आमचें स्पष्ट मत आहे.

हा प्रश्न आज अधिक नाजूक झाला आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेचीं यंत्रें मागितल्याबरोबर निर्दोष दिसणारी पुरी आज्ञावली लिहून देतात. त्यांस आम्ही सरसकट वाईट म्हणत नाहीं. न समजलेल्या संदेशाचा अर्थ विचारण्यास तीं पुष्कळ उपयोगीं पडतात. पण पूर्वीं शेजारच्या मुलाची वही उतरवून घेणारा निदान अक्षरें तरी गिरवीत असे. आतां तेवढेंही श्रम नाहींत. अशा काळीं स्वच्छ उत्तर पाहून मुलास काय आलें हें कळण्याचा मार्ग उरला नाहीं. तो कोठें अडला, काय करून पाहिलें, कशानें सुटला, ही वाटचाल पाहिली तरच कांहीं कळेल.

आणखी एक अडचण खास आपल्या मुलांची आहे. यंत्राचा संदेश इंग्रजींत येतो. मराठी माध्यमांतील मुलगा तो वाचण्यापूर्वींच घाबरतो. येथें टेखची एक हकीकत सांगण्याजोगी आहे. देवनागरीची जोडाक्षरें व वेलांट्या टेखकडून जुळवून घेण्याचें साधन नेदरलंड्समधील ग्रोनिंगन विद्यापीठांत फ्रान्स वेल्टहाउस ह्या डच गृहस्थांनीं तयार केलें, व १९९१ सालीं तें लोकांस खुलें झालें. कनूथ ह्यांनीं आपली आज्ञावली कुलपांत ठेविली असती, तर परदेशच्या एका मनुष्यास तींत आपली लिपि बसवितां आली नसती. मग इंग्रजी संदेशाचा अर्थ दोन ओळींत मराठींत लिहून ठेवणें हें काम आपल्या नववीच्या मुलामुलींस जड कां जावें? त्यास भाषापंडित लागत नाहीं; ज्यास तो संदेश कालच समजला असा विद्यार्थी लागतो.

तेव्हां ज्यांस हें करून पाहावयाचें असेल त्यांनीं एक साधी वही घ्यावी, आणि ती संगणकाच्या खोलींत सर्वांस उचलतां येईल अशी ठेवावी. उघडी वही म्हणजे सारें चव्हाट्यावर मांडणें नव्हे. परवलीचे शब्द तींत लिहूं नयेत, आणि दुसऱ्याच्या चुकीखालीं त्याचें नांवही घालूं नये. आपलें घालावयाचें असेल तर खुशाल घालावें. नोंदींत तारीख असावी. आपणांस यंत्राकडून काय करवून घ्यावयाचें होतें तें असावें. यंत्र काय म्हणालें तें अक्षरशः उतरून घ्यावें, “कांहीं तरी चुकलें” असें मोघम लिहूं नये. वैद्यापुढें “बरें वाटत नाहीं” एवढेंच सांगितल्यानें औषध मिळत नाहीं. मग खरी चूक कोठें निघाली तें लिहावें, आणि संदेशानें ती जागा बरोबर दाखविली कीं नाहीं, हेंही अवश्य लिहावें. पायथनसारखीं साधनें खुलीं असल्यामुळें अशी नीट लिहिलेली तक्रार तिच्या कर्त्यांपर्यंत कोणासही पाठवितां येते, मग तो मुंबईचा असो कीं मालवणचा.

ज्या चुकीचें कारण सांपडलें नाहीं तीही सोडूं नये. कारणाची जागा कोरी ठेवून पुढील नोंद करावी. पुढच्या वर्षींच्या वर्गांतील कोणी तरी ती भरील.